एलएल-३७ ची एमआयसी दर वेळी वेगळी येतेय, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी एलएल-३७ या जिवाणू मारणाऱ्या पेप्टाइडवर (छोट्या प्रथिनावर) काम करतेय. कॅथेलिसिडिन नावाच्या अशा पेप्टाइडांच्या कुटुंबातलं माणसातलं हे एकमेव. ३७ अमिनो आम्लं, सुरुवातीला दोन ल्यूसिन, म्हणून हे नाव. धनभारामुळे ते जिवाणूच्या ऋणभारित पटलाला चिकटतं आणि पटल फोडतं, इथपर्यंत सगळं पाठ आहे.

घोळ पुढे आहे. ई. कोलाय या जिवाणूवर एमआयसी (वाढ रोखणारी पेप्टाइडची किमान मात्रा) काढतेय. सोमवारी प्लेटच्या ज्या वेलमध्ये (खळग्यात) ब्रॉथ, म्हणजे जिवाणू वाढवायचं द्रावण, नितळ होतं (वाढ नाही), तिथेच गुरुवारी त्याच मात्रेला गढूळ! स्ट्रेन तोच, पेप्टाइडही त्याच व्हायलमधलं (हो, दर वेळी तीच व्हायल वितळवून परत गोठवलीये, रागावू नका). सीनियर म्हणाली, पॉलिस्टायरीनच्या प्लेटला पेप्टाइड चिकटून बसतं, पॉलीप्रॉपिलीनची घे. घेतली, फरक पडला, पण पुरेसा नाही.

आता संशय ब्रॉथवर आहे. माझं म्युलर-हिंटन ब्रॉथ कॅल्शियम-मॅग्नेशियम घातलेलं आहे, आणि हे आयन पटलावरच्या जागा अडवून पेप्टाइडचा जोर कमी करतात. साधं ब्रॉथ घेऊ का? पण रक्तातही हे क्षार असतातच, मग त्या आकड्याला अर्थ काय, असं गाइड विचारणार. शिवाय पेप्टाइड चिकटू नये म्हणून डायल्यूशनसाठी ॲसिटिक ॲसिडमध्ये बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) कोणी वापरलंय का? पेप्टाइड महाग आहे हो, दोनच प्लेटींपुरतं उरलंय.