विलीनीकरण, ताबा की खालसा?

प्रश्न: बाल्टिक देशांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. 'ऑक्युपेशन' आणि 'ॲनेक्सेशन' एकाच वाक्यात आलेत. पहिल्याला 'ताबा' लिहिलं, दुसऱ्याला 'विलीनीकरण'. वाचताना खटकतंय. 'खालसा' चालेल का?

उत्तर: खटकतंय ते बरोबरच आहे. 'ताबा' मात्र राहू द्या. शेजाऱ्याने बांध कोरून दोन हात आत नांगरलं, हा ताबा. मग त्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर स्वतःचं नाव चढवून घेतलं, हे ॲनेक्सेशन. जून 1940 मध्ये सोव्हिएत फौजा एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनियात शिरल्या. जुलैत निवडणुका झाल्या, उमेदवारांची यादी एकच. निवडून आलेल्या सभागृहांनी 'आम्हाला सामील करून घ्या' असं मागितलं आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मॉस्कोने ते मंजूर केलं. झाला फेरफार! अमेरिकेने 23 जुलैलाच हरकत घेतली होती. लाटव्हिया आणि लिथुआनियाच्या वकिलाती वॉशिंग्टनमध्ये 1991 पर्यंत चालूच राहिल्या.

'विलीनीकरण' लिहिलंत तर तो फेरफार तुम्हीही मंजूर केल्यासारखं होतं. गोव्यात 16 जानेवारी 1967 ला सार्वमत झालं. महाराष्ट्रात विलीनीकरण हवं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. लोकांनी दोन पानांना कौल दिला आणि विलीनीकरण बारगळलं. म्हणजे आपल्याकडे या शब्दाला 'नको' म्हणता येतं, म्हटलं गेलंही आहे. संस्थानांच्या वेळी बहुतेक ठिकाणी मतदान नव्हतं हे मान्य, पण कित्येक ठिकाणी ती प्रजा परिषदांचीच मागणी होती. एकच यादी आणि दारात रणगाडे असताना हा शब्द वापरणं मला तरी पटत नाही.

'खालसा'ची अडचण वेगळी. सातारा 1848 ला खालसा झालं, नागपूर 1854 ला. दत्तक नामंजूर करणारी कंपनी स्वतःला वरिष्ठ सत्ता म्हणवत होती, आणि वरिष्ठानेच मांडलिकाचं राज्य खालसा करायचं असतं. एस्टोनिया कुणाचं मांडलिक नव्हतं. 1920 च्या तार्तूच्या तहात रशियाने तिथला हक्क कायमचा सोडला होता. 'खालसा' लिहून तो हक्क आपण परत कशाला द्यायचा?

नुसतं 'बळकावले' म्हटलं तर कागदोपत्री भाग सुटतो. मी नामाचा हट्टच सोडेन: 'हे देश ताब्यात घेऊन बळजबरीने आपल्यात जोडून घेतले.'

प्रश्न: सातबाऱ्यामुळे लख्ख कळलं, आभार. शेवटी रशियन सैन्याची 'माघार' आहे. ती ठीक ना?

उत्तर: तिथेही थांबा. माघार घेतो तो रेटा न सोसून. फेब्रुवारी 1991 मध्ये इराकी फौज कुवेतमधून पळाली, ती माघार. रशियन सैन्य लिथुआनियातून 31 ऑगस्ट 1993 ला आणि एस्टोनिया, लाटव्हियातून 31 ऑगस्ट 1994 ला गेलं, ते वाटाघाटी होऊन. तिथे 'सैन्य काढून घेतलं' लिहा. 'सगळं सैन्य' लिहिण्याआधी मात्र लेखातली तारीख बघा. लाटव्हियातलं स्क्रुंदाचं रडार केंद्र कराराप्रमाणे 1998 पर्यंत रशियाच चालवत होता.