मदत हवी आहे: भामरागड-अबुझमाड सीमेचे जुने एक इंची टोपोशीट (सर्वेक्षण नकाशे)

गडचिरोलीतल्या भामरागडच्या पूर्वेला, छत्तीसगडमधल्या अबुझमाडच्या बाजूला, इंद्रावतीच्या आसपासच्या जंगलातल्या जुन्या पायवाटा आणि उठून गेलेल्या पाड्यांच्या जागा नकाशावर शोधतोय. गावाच्या सामूहिक वनहक्क दाव्याला जोडायचंय, २००६ च्या कायद्याखालच्या नियमांत जुने सरकारी नकाशे पुरावा म्हणून चालतात, म्हणून घाई आहे आणि शीट खरंच महत्त्वाचे आहेत.

हवेत ते सर्व्हे ऑफ इंडियाचे १९४७ च्या आधीचे, एक इंच = एक मैल, ६५ ए (सर्व्हेचा शीट क्रमांक) मधले, मुख्यतः ६५ ए/११ आणि त्याला पूर्वेकडून लागून असलेला ६५ ए/१५.

काय केलंय ते सांगतो म्हणजे तेच परत सुचवायला नको. टेक्सास विद्यापीठाच्या साइटवरची यू५०२ सिरीज (अमेरिकी लष्कराचे जुने नकाशे) बघितली, पण ती १:२,५०,००० ची, त्यात पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावतीचा संगम नीट दिसतो पण पाडे दिसत नाहीत. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवरचे फुकट पीडीएफ १:५०,००० चे आहेत पण नवे. गॅझेटिअरमधले नकाशे तर फारच ढोबळ.

ब्रिटिशकालीन नकाशांसाठी लंडनला जाणं जमणार नाही, स्कॅनचे पैसे मात्र देऊ शकतो. क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) येतं, पण जुना एव्हरेस्ट डेटम (अक्षांश-रेखांश मोजण्याचा जुना आधार) आजच्या जीपीएसच्या डब्ल्यूजीएस८४ वर नेताना जागा सरकतात आणि दाव्यात पाडा भलत्याच कंपार्टमेंटमध्ये (वनखात्याच्या जंगल-तुकड्यात) पडला तर सगळंच अडेल.

तर हे दोन शीट भारतात कुठल्या लायब्ररीत किंवा अभिलेखागारात बघायला मिळतील, प्रमाणित प्रत मिळते का, आणि या भागासाठी डेटमचे कुठले पॅरामीटर तुम्ही स्वतः वापरून बघितलेत?