फ्रान्सच्या ग्रामीण भागात वर्दळ नसलेले सायकलचे रस्ते कसे शोधावेत?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी फ्रान्समध्ये तुलूज येथे शिकत असून येत्या सप्टेंबरात आम्ही पती-पत्नी काही आठवड्यांसाठी तिच्याकडे जाणार आहोत. तेथे सायकली भाड्याने घेऊन खेड्यापाड्यांतून फिरावे, असा आमचा विचार आहे. मी लातूर परिसरात बऱ्याच वर्षांपासून अरुंद टायरची रोड सायकल चालवतो. पत्नीने अलीकडेच लांबच्या फेऱ्यांना सुरुवात केली आहे. आपल्याकडे गाळप हंगाम सुरू झाला, की कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या जोडट्रॉल्या आणि त्यांना ओलांडू पाहणाऱ्या गाड्या यांच्यामुळे सायकलस्वाराला साईडपट्टीवर उतरण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मागून येणाऱ्या आवाजाकडे सतत कान लावून सायकल चालवण्याची सवयच आम्हाला जडली आहे. निदान या प्रवासात तरी ती नको आहे.

इंटरनेटवर शोधले असता एकतर कालव्याकाठच्या मार्गांची माहिती मिळते, नाहीतर आल्प्स आणि पिरेनीजमधल्या स्पर्धांच्या घाटांची. आम्हाला शेते, गावे, चांगला डांबरी रस्ता आणि शांतता एवढेच हवे आहे. असे रस्ते तेथे कोणत्या भागात आहेत आणि ते नकाशावर कसे ओळखावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कयाधूकाठ (हिंगोली)

सर, मी रस्तेबांधणीच्या क्षेत्रातला असल्यामुळे आधी रस्त्यांच्या वर्गवारीबद्दल लिहितो, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यातच आहे. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी उतरंड आहे. फ्रान्समध्ये ‘ए’ हे द्रुतगती मार्ग, ‘एन’ हे राष्ट्रीय, ‘डी’ हे जिल्ह्याचे आणि ‘सी’ हे गावाचे रस्ते होत. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदीच आहे आणि जवळपास सगळी लांबची वाहतूक त्या मार्गांनी व मोजक्या मोठ्या रस्त्यांनी जाते. गावांना गावे जोडणारे लहान रस्ते मात्र अतिशय दाट विणलेले असून बहुतांश उत्तम डांबरी आहेत, आणि त्यांवर गावातल्या माणसांखेरीज सहसा कोणी फिरकत नाही.

मात्र ‘डी’ दिसला म्हणजे रस्ता शांत, असे समजू नये. २००६ मध्ये केंद्राकडचे हजारो किलोमीटरचे राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे सोपवण्यात आले आणि त्यांना ‘डी’ क्रमांक मिळाले. तुलूजहून उत्तरेला काओरकडे जाणारा डी ८२० हा पूर्वीचा एन २० आहे, तर गारोन नदीच्या खोऱ्यातला डी ८१३ हा पूर्वीचा एन ११३. या दोन्हींवर आजही जड वाहने धावतात, तेव्हा मार्ग आखताना हे दोन क्रमांक टाळावेत.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे मिशेलिनचा छापील नकाशा. त्यात मुख्य रस्ते लाल, दुय्यम रस्ते पिवळे आणि बाकीचे पांढरे दाखवलेले असतात. आपला दिवस शक्यतो पांढऱ्या रस्त्यांवर बसवावा, पिवळा रस्ता केवळ जोडण्यापुरता घ्यावा आणि लाल रस्ता फक्त ओलांडावा. काही रस्त्यांच्या कडेने हिरवी रेघ असते, ती निसर्गरम्य असल्याची खूण आहे. पण अशा प्रसिद्ध रस्त्यांवर जुलै-ऑगस्टमध्ये पर्यटकांच्या मोटारी लोटतात. आपण सप्टेंबरात जात आहात, हे फार चांगले.

एक बारीकशी गोष्ट नमूद करतो, कारण आपल्या माणसाची तेथे हमखास गल्लत होते. रस्त्याच्या कडेला गोल डोक्याचे जुने पांढरे दगड दिसतात. पिवळे डोके पाहिले की आपल्याला राष्ट्रीय महामार्ग आठवतो, पण तेथे पिवळे डोके जिल्ह्याच्या रस्त्याचे आणि लाल डोके राष्ट्रीय रस्त्याचे असते.

भागाविषयी म्हणाल, तर लोकवस्ती हा सर्वांत सरळ निकष आहे. ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे फ्रान्सला तिरका छेद देणारा विरळ वस्तीचा एक मोठा पट्टा आहे. त्यातला लोझेर जिल्हा आमच्या हिंगोलीपेक्षा क्षेत्रफळाने थोडा मोठाच आहे. पण २०११ च्या जनगणनेत हिंगोलीची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती आणि लोझेरची पाऊण लाखाच्या आसपास आहे. तेथला रस्ता दुपारी कसा असेल, याची कल्पना या आकड्यांवरूनच यावी. मात्र लोझेर डोंगराळ आहे, हे वहिनींचा विचार करून ध्यानात ठेवावे.

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

काका, नोकरीनिमित्त मी तुलूजमध्ये काही वर्षे राहिले आहे, म्हणून त्या शहरापासून सुरुवात करणाऱ्या मार्गांबद्दल लिहिते. वरील उत्तर मला पूर्ण मान्य आहे, तरीही पहिले काही दिवस आपण कालव्याकाठीच घालवावेत, असे मला मनापासून वाटते. तेथे वाहने उजवीकडून चालतात. ती सवय मोटारी नसलेल्या वाटेवर सावकाश अंगवळणी पडते. गावातल्या चौकात पडत नाही.

मात्र कोणता कालवा, हे महत्त्वाचे आहे. नाव सगळीकडे कनाल द्यु मिदीचे घेतले जाते. पिएर-पॉल रिके याने १६६६ ते १६८१ या काळात बांधून काढलेला, तुलूजपासून सेतजवळच्या खाडीपर्यंतचा हा २४० किलोमीटरचा कालवा १९९६ पासून जागतिक वारसा आहे आणि तो पाहायलाच हवा. तुलूजपासून पोर-लोरागेपर्यंतची सुमारे ५० किलोमीटरची वाट गुळगुळीत आहे. पुढे जिल्हा बदलला की पृष्ठभागही बदलतो. काही टप्पे सुधारलेले असले, तरी अनेक ठिकाणी मातीची अरुंद पायवाट आणि तिच्यातून वर आलेली चिनार वृक्षांची मुळे आहेत. हाताच्या मनगटाएवढी जाड मुळे सावलीत चटकन दिसत नाहीत आणि अरुंद टायरच्या रिमला थेट धक्का बसतो. शिवाय या बाजूला आग्नेयेकडून ओतां नावाचा वारा सुटतो. तो असेल त्या दिवशी तुलूजमधून बाहेर पडताना संपूर्ण वाट वारा छातीवर घ्यावा लागतो.

त्याऐवजी तुलूजहून वायव्येकडे जाणारा गारोन कालवा घ्यावा. त्याच्या काठची वाट मोटारींना बंद, डांबरी आणि जवळपास सपाट आहे. मोआसाकजवळ आख्खा कालवा पुलावरून तार्न नदी ओलांडतो. आजाँ येथील असाच पूल ५३९ मीटर लांब आणि २३ कमानींचा आहे. खाली नदी, वर होड्या आणि होड्यांच्या शेजारून सायकली, असे दृश्य तेथे मिळते. पैठणहून निघालेल्या जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या भरावावरून मी लहानपणी सायकल चालवली आहे. तेथे पाणी शेताला जायचे आणि येथे होड्या चालवण्यासाठी आहे, तरी पाण्याच्या संगतीने जाण्याचे सुख मला दोन्हीकडे तेच वाटले.

हात बसला, की आगगाडीने फिजाकला जावे. तेथून सेले नदीच्या खोऱ्यातून जाणारा डी ४१ हा रस्ता म्हणजे आपण विचारलेल्या प्रश्नाचे नेमके उत्तर आहे. एका बाजूला चुनखडीचे उंच कडे, दुसऱ्या बाजूला छोटी नदी, मध्ये एस्पान्याक, मार्सियाक, काब्रेरे अशी दगडी गावे, आणि उतार नदीच्या प्रवाहाबरोबर. काब्रेरेजवळ पेश मेर्लची गुहा असून तिच्यातली ठिपकेदार घोड्यांची भित्तिचित्रे हजारो वर्षांपूर्वीची आहेत; अजिंठ्याच्या शेजारी वाढलेल्या मला ती वगळून पुढे जाणे शक्यच नव्हते. प्रवेश मर्यादित असतो, म्हणून आधी आरक्षण करावे. सेले लॉत नदीला मिळाली, की काओरपर्यंतचा रस्ता तुलनेने वर्दळीचा आहे, परंतु तो टप्पा फार लांब नाही. काओरहून तुलूजला परत आगगाडी मिळते.

गोदाकाठ (नांदेड)

मी ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या) करणारा सायकलस्वार आहे आणि पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या निमित्ताने फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी प्रांताचे रस्ते पाहिले आहेत. १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झालेली आणि आता दर चार वर्षांनी होणारी ही १,२०० किलोमीटरहून अधिक लांबीची मोहीम पूर्ण करण्यासाठी कमाल ९० तास मिळतात. तिच्या वाटेवरची गावे अत्यंत प्रेमळ आहेत. घरासमोर टेबल मांडून लोक मध्यरात्रीही कॉफी देतात. पण सहकुटुंब सहलीसाठी मी ब्रिटनी सुचवणार नाही, कारण तेथे डोंगर नसले तरी चढ-उतार संपतच नाहीत. वरील ताईंचा मार्ग अधिक योग्य आहे.

नियमांबद्दल मात्र लिहायला हवे. गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना मोटारीने किमान दीड मीटर आणि गावात एक मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे, आणि बहुतेक चालक ते पाळतात. समोरून गाडी येत असेल, तर आपल्या मागे शांतपणे थांबून राहतात. अशा वेळी घाबरून रस्त्याच्या खाली उतरू नये, आपली रेघ सोडू नये. दुसरा नियम आपल्याला अपरिचित आहे: ज्या चौकात कोणतीही खूण नसते, तेथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला असतो, मग तो अगदी लहान गल्लीतून का येईना. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात परावर्तक जाकीट घालणे सक्तीचे आहे.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आधी गारोन कालवा आणि नंतर फिजाक ते काओर, असे आम्ही ठरवत आहोत. मिशेलिनचा नकाशा मुलीला आजच घ्यायला सांगतो. पत्नीचा एक प्रश्न आहे: एवढ्या निर्मनुष्य रस्त्यांवर पाणी आणि जेवण यांची सोय कशी करावी? आम्ही दोघेही शाकाहारी आहोत.

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

काकू, पाण्याची चिंता नको. जवळपास प्रत्येक गावाच्या दफनभूमीत फुलांना पाणी घालण्यासाठी नळ असतो आणि सायकलस्वार तेथेच बाटल्या भरतात. ‘नॉं पोताब्ल’ (पिण्यायोग्य नाही) अशी पाटी असेल, तर ते पाणी पिऊ नये. जेवणाचे मात्र नियोजन लागते. लहान गावांतली दुकाने दुपारी १२ नंतर दोनेक तास बंद राहतात, रविवारी दुपारनंतर काही मिळत नाही आणि सोमवारीही अनेक दुकाने उघडत नाहीत. म्हणून सकाळी पाव, चीज आणि फळे सोबत घेऊनच निघावे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून नेलीत, तर पहिला आठवडा अगदी निश्चिंत जाईल. प्रादेशिक गाड्यांमध्ये सायकलसाठी जागा मोजक्याच असतात, त्यामुळे फिजाकला शनिवारी जाण्याऐवजी मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी निघावे.