चिंगीला जर्मनीला न्यायचंय. कोल्हापुरातून कुणी कुत्रं परदेशात नेलंय का?

रंकाळ्याची_सून:
नमस्कार मंडळी. नवऱ्याला श्टुटगार्टला नोकरी लागली आहे. १ ऑगस्टला हजर व्हायचंय, म्हणजे हातात धड दोन महिनेही नाहीत. मी, तो आणि चिंगी एकदमच जायचं असं घरात ठरलंय. चिंगी आमची गावठी कुत्री. वय सहा, वजन २२ किलो. पिल्लू असताना रंकाळ्याच्या काठी पावसात कुडकुडत बसलेली सापडली, तेव्हापासून आमच्याकडेच. रेबीजची लस दरवर्षी न चुकता दिलीय, पुस्तिका आहे. कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप मात्र नाही. आमच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "परदेशाचं मला काही ठाऊक नाही, मुंबईत विचारा." जनावरं परदेशी पाठवणाऱ्या एका एजंटाला फोन केला. त्याने आकडा सांगितला, मी फोन ठेवला आणि आधी पाणी प्यायले.

एजंटाशिवाय जमतं का? गावठी कुत्र्याला तिकडे घेतात का, की पेडिग्रीचा, म्हणजे जातिवंत असल्याचा, कागद लागतो? आणि विमानाच्या पोटात एकटीला एवढा प्रवास सोसेल का? मला सोसणार नाही, ते वेगळं.

शिरोली_एमआयडीसी:
वैनी, पिंजऱ्याचं काय बी टेन्शन घिऊ नगा. उद्यमनगरात आपला दोस्त हाय, येका दिवसात जाळी वेल्ड करून देतोय. हत्ती बसला तरी मोडायचा न्हाई.

परतीचा_पाऊस:
शिरोलीकर, तुमचा पिंजरा हत्ती मोडणार नाही, पण विमानतळावरचा माणूस तो आत घेणारही नाही. वेल्ड केलेल्या तारेच्या जाळीचा पिंजरा विमानात चालत नाही, त्यात पंजा आणि दात अडकतात. त्याचं पुढे सांगतो.

ताई, मी मूळचा गडहिंग्लजचा, आता न्यूर्नबर्गला असतो. दोन वर्षांपूर्वी आमचा लॅब्रॅडॉर इकडे आणला. आधी वाईट बातमी देतो. १ ऑगस्टला चिंगी तुमच्याबरोबर जाऊ शकत नाही. पैसे टाकून नाही आणि ओळख लावूनही नाही.

रेबीज आटोक्यात असलेल्या देशांची युरोपीय संघाची यादी आहे, भारत त्यांच्या लेखी 'यादीबाहेरचा' देश आहे. त्यामुळे क्रम असा: पहिल्यांदा १५ आकडी आयएसओ चिप. चिप बसल्यावर, त्याच दिवशी किंवा नंतर, रेबीजची लस. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं आणि युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत अँटिबॉडी तपासायच्या. प्रमाण ०.५ आययू प्रति मिलि किंवा त्याहून जास्त यायला हवं. आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. रिपोर्टच्या तारखेपासून नव्हे, रक्ताच्या. एक महिना अधिक तीन महिने, वर चार-आठ दिवस इकडेतिकडे. आज सुरुवात केली तरी ऑक्टोबर उजाडतो.

आता सगळ्यांचा पाय घसरतो ती जागा. चिंगीला सहा वर्षं लस दिली, पण चिपच्या आधी दिली. कागदावर ती शून्य. लस याच कुत्र्याला टोचली हे कशावरून, असा त्यांचा सवाल असतो. म्हणून चिपनंतर पुन्हा लस, आणि ती पहिलीच धरली जाते. आमच्याकडेही हेच झालं, चार महिने पाण्यात गेले.

कावळा_नाका:
मग एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? तुम्ही दोघं ऑगस्टमध्ये पुढे व्हा. चिंगी सासूबाईंकडे राहू दे. कागद झाले की एजंट नोव्हेंबरमध्ये कार्गोने पाठवून देईल. चुलतभावाने असंच केलं होतं.

परतीचा_पाऊस:
भावा, चुलतभाऊ कुठल्या देशात गेला होता? युरोपीय संघात घरचं जनावर 'मालकाबरोबर' धरलं जायचं तर त्याच्या आणि मालकाच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. मालकाने लेखी अधिकार दिलेला माणूस ते आणू शकतो, पण पाच दिवसांची अट त्यालाही आहे. मालक ऑगस्टमध्ये गेला आणि कुत्रं नोव्हेंबरमध्ये आलं तर ते व्यापारी मालाच्या नियमांत बसतं. त्याचे कागद वेगळे, तपासणी वेगळी, खर्च वेगळा. एजंटांना हा मार्ग आवडतो, कारण तो एजंटाशिवाय होत नाही.

ताई, नवऱ्याला पुढे जाऊ दे. चिंगीची मालकीण म्हणून सगळीकडे तुमचं नाव घाला. चिपच्या नोंदणीत, पुस्तिकेत, लॅबच्या अर्जात. तुम्ही ऑक्टोबरात तिच्याबरोबर निघा. तुमच्या व्हिसाची तारीख तेवढी बघून घ्या.

रंकाळ्याची_सून:
तीनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं, तो अर्धा तास गप्प होता. पण हे जमण्यासारखं आहे. सोबतीला सासूबाई आहेतच, त्या तर खूश झाल्या. सुनेसाठी नाही, चिंगीसाठी. गावठीचं कुणी सांगितलं नाही.

जनावरांचा_डॉक्टर:
मी जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो, दोन-तीन केस केल्या आहेत. गावठीला काहीही अडचण नाही. पेडिग्रीचा कागद कुणी मागत नाही, जातीच्या रकान्यात 'मिश्र' लिहायचं. जर्मनीत आणायला बंदी आहे ती पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशर, स्टॅफर्डशर बुल टेरियर आणि बुल टेरियर यांना, आणि त्यांच्या संकरांना. चिंगीचा चेहरा तसा नसेल अशी आशा करतो.

आता माझ्या धंद्यातल्या चुका, कारण त्या आम्हीच करतो. चिप टोचण्याआधी स्कॅनरने वाचून घ्यायला लावा आणि टोचल्यावर परत. पंधरा आकडे पुस्तिकेत हाताने उतरवू नका, चिपबरोबर बारकोडचे स्टिकर येतात ते चिकटवा. एका क्लायंटचा लॅब रिपोर्ट उत्तम आला, पण अर्जात चिपचा एक आकडा उलटसुलट झाला होता. कुत्रं तेच, रक्त तेच, रिपोर्ट निरुपयोगी. पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. त्या बाईंचा चेहरा अजून आठवतो. अर्ज कुणी भरला होता ते विचारू नका.

लसीचं बाटलीवरचं स्टिकर, बॅच नंबर, तारीख, 'कधीपर्यंत वैध' आणि डॉक्टरांची सही-शिक्का हे एका पानावर दिसायला हवं. रक्तातून सीरम वेगळं काढून थंड ठेवूनच पाठवावं लागतं, नुसतं रक्त कुरियरला दिलं तर वाटेत नासतं. सीरम वेगळं करायचं यंत्र, सेंट्रिफ्यूज, नसेल तर डॉक्टरांनी आधीच एखाद्या पॅथॉलॉजीशी बोलून ठेवावं. आणि एकदा रिपोर्ट पास झाला की पुढची लस मुदत संपायच्या आत द्या. मग जन्मभर पुन्हा रक्ततपासणी नाही. एक दिवस उशीर झाला तर सगळं पहिल्यापासून.

शिरोली_एमआयडीसी:
डॉक्टर, परवासात गुंगीची गोळी दिली तर? आमचं टॉमी दिवाळीला फटाक्यात झोपतंय त्यानं.

जनावरांचा_डॉक्टर:
अजिबात नाही. रक्तदाब उतरतो, तोल जातो, श्वास मंदावतो आणि तिथं बघायला कुणी नसतं. गुंगीतलं जनावर दिसलं तर एअरलाइन चढवून घेत नाही. आणि विमानाच्या पोटाला लोक घाबरतात तेवढं ते वाईट नसतं. जनावरांच्या कप्प्यात हवेचा दाब केबिनसारखाच असतो, तापमान सांभाळलेलं असतं. अंधार आणि आवाज असतो, बस्स. खरा धोका जमिनीवर, उन्हात तापलेल्या धावपट्टीवर ताटकळण्याचा. रात्रीचं विमान बघा. पग, बुलडॉगसारखी चपट्या नाकाची असती तर मी वेगळं बोललो असतो. त्यांना बऱ्याच एअरलाइन घेतच नाहीत.

डॅलसची_मावशी:
अमेरिकेला जाणाऱ्या कुणी हा धागा वाचत असेल तर हे नियम तिकडे लावू नका गं. १ ऑगस्ट २०२४ पासून इथले नियम बदललेत. भारत 'जास्त धोक्याच्या' देशांत आहे. कुत्रं सहा महिन्यांचं हवं, चिप हवी, सीडीसीचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा, फॉर्म हवा आणि सीडीसीने नोंदवलेलं प्राणी केंद्र असलेल्या विमानतळावरच उतरायचं. डॅलस त्यात नाही. आम्ही अटलांटाला उतरून पुढे गाडीने आलो, कुत्रं रस्ताभर झोपलं आणि आमचं भांडण झालं. मांजरांना सीडीसीचं रेबीजचं बंधन नाही, सुटल्या बिचाऱ्या.

आणि ऑस्ट्रेलियाचं नाव काढू नका. तिथं भारतातून थेट नेताच येत नाही, मध्ये मान्य देशात मुक्काम करावा लागतो. माझ्या भाचीने शेवटी मांजर आईकडेच ठेवलं.

कावळा_नाका:
तेच मला म्हणायचंय. सहा वर्षांचं कुत्रं, अंगण, शेजारपाजार, सकाळी रंकाळ्याची फेरी. त्याला उचलून चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बर्फात ठेवणं हे प्रेम की आपली हौस?

बाकी आपल्या कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते आफ्रिकेतून बोटीने आणत होते. तेव्हा कुणी चिप विचारली नव्हती.

रंकाळ्याची_सून:
कावळा_नाका, तुमच्या प्रश्नाने दोन रात्री झोप लागली नाही, खोटं नाही बोलत. पण सासूबाईंचे गुडघे गेलेत, चिंगीला फिरवायला त्यांना जमत नाही. आणि मी माहेरी चार दिवस गेले तर ती जेवत नाही. ठरलंय आता.

पिंजरा आणि खर्चाचं कुणीतरी सांगा.

परतीचा_पाऊस:
पिंजरा कडक प्लॅस्टिकचा, दार धातूचं, वरचा-खालचा भाग धातूच्या नट-बोल्टने जोडलेला. माप असं घ्या. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग मिळवा, ती पिंजऱ्याची लांबी. खांद्यांची रुंदी दुप्पट करा, ती रुंदी. उभं राहिल्यावर डोक्याच्या किंवा ताठ कानांच्या टोकापर्यंतची उंची, ती आतली उंची, अंथरुणाची जाडी वेगळी. तिला उभं राहता, वळता, पसरता आलं पाहिजे. लाकडी करायचा विचार असेल तर लाकडावर प्रक्रिया केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो, त्या फंदात पडू नका.

खर्चाची गंमत इथंच आहे. कार्गोने गेलं तर भाडं कुत्र्याच्या वजनावर नसतं, पिंजऱ्याच्या आकारावर असतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं. चिंगीला ९१ × ६४ × ६९ चा पिंजरा लागला तर उत्तर ६७ येतं. म्हणजे २२ किलोच्या कुत्रीचं भाडं ६७ किलोचं. एजंटाचा आकडा ऐकून पाणी प्यायलात ना, त्यातला मोठा वाटा हा असतो. म्हणून 'थोडा मोठा घेऊ' म्हणून राजवाडा घेऊ नका. त्याच विमानात जास्तीचं सामान म्हणून नेता आलं तर बरंच स्वस्त पडतं, पण ते एअरलाइनवर आणि त्या विमानावर अवलंबून. केबिनचा विषय नाही, लुफ्तान्झाला पिशवीसकट ८ किलोची मर्यादा आहे. तुमचं तिकीट काढायच्या आधी फोन करून चिंगीची जागा पक्की करा, उलट नाही. मला ज्या दोन एजंटांनी भाव दिले त्यांच्यात जवळपास लाखाचा फरक होता. कागद मी स्वतः केले, फक्त विमानतळावरच्या कामाला माणूस घेतला. तेवढं जमतं.

शक्यतो थेट विमान घ्या. मुंबईहून फ्रँकफर्टला उतरलात तर आरोग्याचा दाखला जर्मन आणि इंग्रजीत लागतो. वाटेत ॲमस्टरडॅम आलं तर प्रवेश तिथं धरतात, मग डच. हा दाखला मुंबईच्या ॲनिमल क्वारंटाइन ऑफिसातून होतो, तिथं कुत्रं समोर न्यावं लागतं, आणि दिल्यापासून दहा दिवसांत युरोपात पोचायचं असतं. सुट्ट्या बघून तारीख घ्या.

आणि पिंजरा आजच आणा. दार काढून ठेवा, जेवण त्यातच द्या. चार महिने आहेत, तुमचं नशीब समजा. आमच्याला तीन आठवडे मिळाले होते, तो विमानतळावर सिंहासारखा ओरडत होता.

रंकाळ्याची_सून:
खबर द्यायला आले. १२ जूनला चिप बसली आणि लसही झाली. स्कॅनरने दोनदा वाचून घेतलं, स्टिकर चिकटवलं, डॉक्टर म्हणाले, "तुम्ही माझी परीक्षा घेताय." रक्त १४ जुलैला काढायचं ठरलंय, म्हणजे १४ ऑक्टोबरनंतर निघता येईल. दसरा इथंच करून जायचं, सासूबाईंचा हट्ट आहे. नवऱ्याला घरमालकाला आधीच विचारायला सांगितलंय, कुत्रं चालतं का ते.

पिंजरा मात्र इथं दुकानात मिळाला तो लहान निघाला. कान टेकतात.

परतीचा_पाऊस:
नवऱ्याला तिकडचा कुत्र्याचा कर आणि नुकसानभरपाईचा विमा हेही बघून ठेवायला सांगा. कर नगरपालिका घेते, दरवर्षी.

जनावरांचा_डॉक्टर:
मुंबईला गाडीनेच जा, साधारण ३८० किलोमीटर आहे. रात्री निघा, खंबाटकी घाटाच्या आधी एकदा उतरवून फिरवा. विमानाच्या चार-सहा तास आधी हलकं जेवण. पाण्याचं भांडं आदल्या रात्री बर्फ करून लावा, सांडत नाही.

शिरोली_एमआयडीसी:
वैनी, पाव्हण्याचा येक पिंजरा हाय कराडात. जर्मन शेफर्ड कॅनडाला न्हेला, पण पिंजरा मोठा पडला म्हणून दुसरा घ्यावा लागला. प्लॅस्टिकचा हाय, वेल्डिंग न्हाई. पाण्याचं भांडं तेवढं फुटलंय. रविवारी मी तिकडंच चाललोय, टेप घिऊन माप घ्या आणि सांगा, आणतो.

रंकाळ्याची_सून:
आत ९१ लांब आणि ६६ उंच तरी हवा. जमत असेल तर आणाच. भांडं मी घेते.