पावसाळ्यात टेबलावर उन्हाचा भास कसा आणावा?

प्रश्न (म्हापसा)
मी कोकम आगळाच्या (कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या) बाटल्या, सोलां (कोकमाची वाळवलेली साले) आणि पितळेच्या भांड्यांची छायाचित्रे काढतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खिडकीतून येणारा प्रकाश मऊ आणि निळसर असतो. मला मात्र सकाळी साडेआठचे तिरपे ऊन पडल्यासारखे दिसायला हवे आहे. माझ्याकडे एक स्टुडिओ फ्लॅश आणि ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश पसरवून मऊ करणारी कापडी पेटी) आहे. तो मीटरभर अंतरावर ठेवला की सावल्यांच्या कडा विरघळतात आणि मांडणीचे एक टोक उजळ, तर दुसरे अंधारे दिसते. फ्लॅशची शक्ती वाढवून उपयोग होईल का?

उत्तर (फोंडा)
शक्ती वाढवल्याने केवळ एक्सपोजर (छायाचित्राचा एकूण उजळपणा) बदलेल, सावली नाही. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असल्यामुळे आपल्याला तो आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो आणि म्हणूनच उन्हातली सावली रेखीव पडते. आपला सॉफ्टबॉक्स मात्र मीटरभर अंतरावरून सुमारे ४८ अंश व्यापतो. तो काढून टाका, साधा रिफ्लेक्टर (फ्लॅशच्या तोंडावर बसणारी धातूची वाटी) लावा आणि फ्लॅश खोलीत शक्य तितका मागे न्या. मांडणीतल्या उजेडाचा उतारही त्यानेच सुटेल: एक मीटरवरून दीड मीटरवर जाताना प्रकाश निम्म्याहून कमी उरतो, पण चार मीटरवरून साडेचार मीटरवर जाताना सुमारे ७९ टक्के टिकतो. खोली लहान असल्यास फ्लॅश आरशावर रोखून परावर्तित प्रकाश मांडणीवर घ्यावा, कारण फ्लॅश ते आरसा आणि आरसा ते वस्तू ही दोन्ही अंतरे एकत्र मोजली जातात. आमच्याकडच्या बहुतेक खोल्यांत हाच मार्ग उरतो.

उत्तर (मडगाव)
वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र कोन आणि रंग सांभाळले नाहीत, तर रेखीव सावलीसुद्धा फ्लॅशचीच वाटते. सकाळच्या उन्हासाठी प्रकाश २० ते ३० अंशांवरून यावा, म्हणजे सावली वस्तूच्या उंचीच्या साधारण दुप्पट पडेल. चार मीटरवरून हा कोन साधायला फ्लॅश मांडणीपेक्षा सुमारे दोन मीटर उंच लागतो. छत आड येत असेल, तर टेबलाऐवजी जमिनीवर पाट ठेवून त्यावर मांडणी करावी. फ्लॅशच्या प्रकाशाचा रंग सुमारे ५५०० केल्विनचा, म्हणजे दुपारच्या उन्हासारखा असतो, म्हणून त्यावर पाव सीटीओ जेल (प्रकाशाला किंचित नारिंगी छटा देणारा पारदर्शक कागद) लावावे आणि कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ५५०० वरच ठेवावा. ऑटोवर ठेवल्यास कॅमेरा ती ऊब पुसून टाकण्याची शक्यता असते. सावलीच्या बाजूला पांढरा थर्माकोल थोडा दूर उभा करावा. खऱ्या उन्हात सावल्यांना निळ्या आकाशाचा उजेड मिळतो, त्यामुळे त्या पूर्ण काळ्या किंवा पिवळ्या नसतात.

खिडकीच्या गजांची सावली हवी असल्यास पुठ्ठा कापून वस्तूच्या जवळ धरावा. तो जितका फ्लॅशकडे सरकेल, तितकी कड मऊ होईल. माडाच्या झावळीचा तुकडा पुठ्ठ्यापेक्षा कितीतरी खरा दिसतो. जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या तावदानांचा मोह अनेकांना होतो, परंतु ती तावदाने प्रकाश पसरवतात, त्यामुळे या कामासाठी ती उलट परिणाम करतील.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पितळेवर चमकेचा पांढरा ठिपका येईल, त्याचे काय करावे?

उत्तर (फोंडा)
तो राहू द्यावा. उन्हात पितळेवर तसाच लहान, तीव्र ठिपका उमटतो. सॉफ्टबॉक्सचा चौकोन दिसला असता, तर खिडकीबाहेर ढग आहेत हे पाहणाऱ्याला लगेच कळले असते. फक्त ठिपका बाटलीच्या लेबलवर येत असेल, तर बाटली किंचित फिरवावी.