मदत हवी आहे: गाडी बंद केल्यावर बॉनेटमधून पेट्रोलचा वास, गणपतीआधी काय काय तपासून घेऊ?

चेंबूरकरीण

नमस्कार मंडळी,

सासऱ्यांची २००४ सालची पेट्रोल हॅचबॅक आम्ही अजून वापरतो. एमपीएफआय इंजिन (म्हणजे कार्बोरेटर नाही, इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं), गॅस किट नाही. पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी झालेली, पर्यावरण कर भरलेला, पीयूसी चालू. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढचे सगळे प्रतिसाद कुठली कंपनी भारी यावरच येतील.

त्रास असा आहे. गाडी चालू असताना काही जाणवत नाही. ऑफिसहून येऊन सोसायटीत स्टिल्टखाली (इमारतीच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये) लावली की पाच-दहा मिनिटांनी बॉनेटजवळ पेट्रोलचा वास येतो. रोज नाही, पण सायनपासून रखडत आलो त्या दिवशी हमखास. खाली थेंब नाही, डाग नाही, सकाळी वासही नाही. शिवाय इंजिनवर एका बाजूला तेलाचा चिकट थर जमलाय आणि फ्लायओव्हर चढताना मधूनच काहीतरी जळल्यासारखं वाटतं.

आमचा मेकॅनिक म्हणतो, "जुनी गाडी आहे, थोडा वास येणारच." हेही त्याने माझ्या नवऱ्याकडे बघून सांगितलं. गाडी मी चालवते, नवऱ्याला बॉनेटचा खटका कुठे आहे तेही माहीत नाही. असो.

मला हे "येणारच" पटत नाही. वास येतोय म्हणजे वाफ बाहेर पडतेय, आणि पेट्रोलची पेट घेण्याइतकी वाफ शून्याखाली ४० अंशांनाही तयार होते. मुंबईच्या उकाड्यात तापलेल्या इंजिनावर काय होत असेल ते सांगायला नको.

गणपतीला कणकवलीला जायचंय. मागे दोन मुलं आणि सासूबाई. माणगाव-इंदापूरची रांग सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे इंजिन तासन्‌तास रखडत तापणार. तर वास नेमका कुठून येतोय हे घरच्या घरी शोधता येईल का? कुठले पाइप केवळ वय झालं म्हणून बदलून टाकावेत? ई-२० पेट्रोलचा (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) याच्याशी संबंध आहे का? आणि वायरिंग कोणाला दाखवू? मेकॅनिक म्हणतो इलेक्ट्रिशियनकडे जा, इलेक्ट्रिशियन म्हणतो काही बिघडलं की या.

"गाडी विका" हा सल्ला कृपया नको. तो घरात रोज मिळतो.

दहाबाराचा_पाना

ताई, आधी एक. वासाचा उगम सापडेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. ऑफिसलाही नाही.

तुम्ही लक्षण फार नीट लिहिलंय, त्यामुळे अंदाज करता येतो. गाडी बंद केली की पुढून येणारा वारा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा नळ) मात्र तापलेलाच असतो. त्यामुळे बंद केल्यानंतर काही मिनिटं बॉनेटखालचं तापमान उलट वाढतं. त्यात एमपीएफआयच्या पेट्रोल लाइनमध्ये चालू असताना साधारण ३ बार प्रेशर असतं आणि ते बंद केल्यावर लगेच उतरत नाही. चिरलेला रबरी पाइप किंवा इंजेक्टरची कडक झालेली ओ-रिंग (रबराचं गोल कडं) नेमकी याच वेळी पाझरते. गरम धातूवर थेंब पडायच्या आत उडून जातो, म्हणून जमिनीवर काही दिसत नाही.

शोधायचं असं. इंजिन पूर्ण गार, गाडी मोकळ्या हवेत, आसपास कोणी सिगरेटवाला नको. सेल्फ न मारता नुसती चावी ऑन करा. मागच्या सीटखालून पंपाचा दोन-तीन सेकंद घूं आवाज येईल. बंद करून पुन्हा ऑन करा, असं तीन-चार वेळा, म्हणजे लाइन प्रेशरवर येते. मग एलईडी टॉर्च घेऊन लोखंडी नळीला रबरी पाइप जिथे जोडलाय तिथे, फिल्टरच्या दोन्ही तोंडांना आणि प्रत्येक इंजेक्टरच्या बुडाशी पांढरा टिश्यू फिरवा. ओला झाला किंवा वास लागला की चोर सापडला. लांब वायरीचा होल्डर आणि पिवळा बल्ब घेऊन वाकू नका, गॅरेजमध्ये हातातून पडून फुटलेल्या बल्बनेही आगी लागतात.

तिथे काही नाही मिळालं तर टाकी फुल केल्यावर वास वाढतो का बघा. वाढत असेल तर टाकीच्या झाकणाचं रबर किंवा टाकीतली वाफ धरून ठेवणाऱ्या काळ्या डब्याचा (चारकोल कॅनिस्टर) पाइप सुटलेला असू शकतो.

ई-२० बद्दल. २०२३ पासून ते पंपांवर यायला लागलं, आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. २००४ च्या गाडीचं रबर त्या हिशोबाने बनवलेलं नाही. इथेनॉलने काही जातींचं रबर फुगतं, मऊ पडतं. पण सगळं खापर इथेनॉलवर फोडू नका. वीस वर्षं तापून-गार होऊन रबर तसंही कडक होतं. पाइप हलकेच वाकवून बघा, बाहेरच्या वळणावर बारीक चिरांची जाळी दिसली तर तो गेला.

बदलताना टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी तुकडे एकदाच बदला. तुकडा कापून मध्ये पितळी जोड घालतो म्हणाला तर नको म्हणा. इंजेक्शनच्या प्रेशरचाच पाइप हवा, त्याच्यावर 'आर९' छापलेलं असतं. साधा कार्बोरेटरचा पाइप दिसायला तस्साच असतो आणि ३ बारला टिकत नाही. क्लिपही इंजेक्शनची घ्या. पट्टीला खाचा असलेली नेहमीची क्लिप आवळली की रबरात रुतते आणि चीर तिथूनच सुरू होते. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुने घेणारे आपण सगळेच आहोत, पण रबर जुनं घ्यायचं नाही.

जळकट वास म्हणजे बहुधा टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलंय आणि ऑइल सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर उतरतंय. एरवी नुसता धूर होतो. मॅनिफोल्ड फारच तापला तर पेटूही शकतं, आणि एकदा कुठे ठिणगी पडली की तो तेलकट थर आग इंजिनभर नेतो. काम फार खर्चाचं नाही. काम झाल्यावर आत फडका राहिला नाही ना, हे स्वतः बघा.

तारेवरची_कसरत

वायरिंगचं मी सांगतो, धंदाच तो आहे. पेट्रोलच्या गळतीइतक्याच आगी वायरींनी लागतात असं माझं मत. फक्त वायर जळायच्या आधी पेट्रोलसारखा वास देत नाही.

पहिलं अर्थिंग. इंजिन ते बॉडी एक जाड पट्टी असते. आपल्या खाऱ्या हवेत ती बोल्टपाशी हिरवी पडून आतून तुटते, वरून धड दिसते. मग सेल्फ मारताना शंभराच्या वर अँपिअरचा करंट परत जायला दुसरी वाट शोधतो, कधी एक्सलेटरच्या केबलमधून. सेल्फ मारल्यावर ती केबल गरम लागली तर समजून जा. मीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर पट्टी बदला.

दुसरं, फ्यूज. डबा उघडून प्रत्येक फ्यूजचा आकडा झाकणावरच्या आकड्याशी जुळवा. १५ च्या जागी ३० बसवलेला मला दर आठवड्याला दिसतो. मग फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते.

तिसरं, हेडलाइट. कंपनीचा बल्ब ६०/५५ (अप्पर/डिप्पर) वॅटचा. कोणी १००/९० टाकले असतील तर दोन्ही मिळून अप्परला करंट १० अँपिअरवरून सतराच्या आसपास जातो. त्याच बारीक वायरीतून, रिले (मोठा करंट स्वतःवर घेणारा वेगळा स्विच) नसेल तर डॅशबोर्डच्या स्विचमधूनही.

टेप, अलार्म, रिव्हर्स कॅमेरा यांच्यासाठी वायर सोलून नुसतं गुंडाळलेलं असतं. मुंबईच्या दमटपणात काळी टेप वर्षा-दोन वर्षांत चिकट होऊन घसरते आणि तांबं उघडं पडतं. असे सगळे जोड सोल्डर करून स्लीव्ह घालून घ्या.

आणि उंदीर. स्टिल्ट पार्किंग म्हटलं की उंदीर आलेच.

गोरेगावचा_गप्पू

केवढं घाबरवताय बाईंना! माझ्या गाडीला कित्येक वर्षं पेट्रोलचा वास येतोय, काही झालं नाही.

दहाबाराचा_पाना

@गोरेगावचा_गप्पू, तुमची गाडी माझ्या गाडीशेजारी लावू नका एवढंच.

गॅसवाला_कांजूर

किटवाल्यांसाठी दोन ओळी, धाग्यावर तेही येतील म्हणून. सीएनजी सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी, प्लेटवरची तारीख बघा. किट आरसीवर आणि विमा पॉलिसीवर चढवलेलं असावं, नाहीतर क्लेमच्या वेळी अडतं. गॅसवर पळवताना पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका. टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो आणि बऱ्याच किटमध्ये तो गॅसवरही चालूच असतो.

चेंबूरकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर उघड्यावर गाडी ढकलत नेऊन सगळं केलं. वॉचमनकाकांना वाटलं गाडी बंद पडली.

चोर सापडला. फिल्टरकडून येणारा रबरी पाइप रेलला (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीला) जिथे जोडलाय, तिथल्या क्लिपखाली टिश्यू ओला झाला. क्लिप खाचांचीच आहे, रुतलेली, आणि पाइपाला तिच्या कडेनेच गोल चीर आहे. वाकवल्यावर जाळीही दिसली. इंजेक्टर कोरडे आहेत.

बाकीचा पंचनामा: हेडलाइटचा फ्यूज १५ चा हवा तिथे ३० चा. बॅटरीची पकडपट्टी गायब, तिच्याजागी सायकलची ट्यूब बांधलेली. बॉनेटखाली काचेच्या बाजूच्या खोबणीत शेंगांची टरफलं, पिशवीचे तुकडे आणि कोणाचा तरी पायमोजा, म्हणजे उंदीरमामांचा संसार. जवळची एक वायर कुरतडलेली, तांबं दिसतंय. एक्सलेटरची केबल मात्र गार.

गाडी आता टो करून दुसऱ्या गॅरेजला नेणार आहे. पाइप बदलल्यावर काम नीट झालंय हे मी कसं तपासू? आणि गाडीत ठेवायला अग्निशामक कुठला घेऊ?

दहाबाराचा_पाना

शाब्बास! पाइप काढायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे प्रेशर उतरतं. मग बॅटरीचा मायनस काढायचा. गॅरेजवाला हे न करता पकड घेऊन पुढे सरसावला तर थांबवा. नंतर तोच टिश्यूचा प्रयोग त्याच्यासमोर करा, गाडी सुरू करून पुन्हा करा. मग मुद्दाम गर्दीच्या वेळी फिरवून आणा आणि दहा मिनिटांनी बॉनेटजवळ उभ्या राहा. आठवड्याने क्लिप परत बघा. बॅटरीची पट्टी लगेच बसवा. खड्ड्यात बॅटरी उडाली आणि प्लस बॉनेटला टेकला तर मध्ये फ्यूजही नसतो.

शिडी_आणि_पाइप

आयएसआय मार्कचा, एबीसी पावडरचा, एक किलोचा घ्या. काटा हिरव्यात हवा. डिकीत नको. ड्रायव्हरच्या सीटखाली पट्टीने घट्ट बसवा, सुटा असेल तर घरंगळत ब्रेकखाली येईल.

धूर दिसला तर बाजूला घ्या, इग्निशन बंद, आधी सगळी माणसं बाहेर आणि लांब. बॉनेट उघडायचं नाही, वर उचललं की हवा मिळून भडका उडतो. नुसता आतला खटका ओढा आणि पुढच्या फटीतून पावडर मारा. एका किलोची पावडर काही सेकंदच पुरते. विझली नाही तर गाडी सोडून द्या आणि १०१ किंवा ११२ लावा.

मुलं लहान आहेत म्हणून चाइल्ड लॉक दोन्ही बाजूंना ठेवू नका. सासूबाई बसतात त्या दाराचा काढा. आणि पॉलिसी उघडून बघा. जुन्या गाडीला बरेच जण नुसता थर्ड पार्टी घेतात, त्यात स्वतःची गाडी जळाल्याचं काही मिळत नाही.

चेंबूरकरीण

थर्ड पार्टीच आहे. एजंटला फोन केलाय. @तारेवरची_कसरत, हेडलाइटचे बल्ब १००/९० निघाले, होल्डर पिवळे पडून कडेला वितळलेत. ६०/५५ चे बल्ब घातले की पुरे, की होल्डरही बदलू?

तारेवरची_कसरत

होल्डरही बदला, आणि मागची वायर जिथपर्यंत कडक लागते तिथपर्यंत कापून नवीन टाका. वितळलेल्या होल्डरची पिन सैल होते, मग ६० वॅटलाही तापते. फ्यूज आधी १५ चा करा. तो उडत राहिला तर मोठा टाकू नका, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.