'आय वॉट नॉट': 'नेणे' की 'माहीत नाही'?

– 1611च्या किंग जेम्स बायबलमधला उतारा मराठीत करतेय. उत्पत्ती, अध्याय 21. अबीमलेखाच्या चाकरांनी विहीर बळकावली म्हणून अब्राहाम जाब विचारतो. राजा म्हणतो, 'आय वॉट नॉट हू हॅथ डन धिस थिंग'. मी लिहिलं, 'हे कोणी केले मी नेणे'. तपासणाऱ्यांनी 'मला माहीत नाही' केलं, वर शेरा: 'वॉट' ही 'व्हॉट'ची छपाईतली चूक असावी. खरंच चूक आहे का?

– मुळीच नाही, ताई. 'विट' म्हणजे जाणणे. वर्तमानकाळी 'वॉट', भूतकाळी 'विस्ट'. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू आईबापांना 'विस्ट यी नॉट' विचारतो, ते हेच. कोर्टाच्या कागदांतलं 'टु विट', म्हणजे 'अर्थात', हेही यातलंच.

– संस्कृत 'वेद' विसरू नका! ग्रंथ नव्हे, क्रियापद. विद् धातूच्या या रूपाला प्रत्यय लिट् लकाराचे, म्हणजे भूतकाळाचे. अर्थ मात्र 'तो जाणतो'. ग्रीक 'ओइदा'चंही तसंच. 'वॉट' त्याच घडणीचं, म्हणून 'ही वॉट'ला शेवटी प्रत्यय लागत नाही.

– लागतो की! उत्पत्ती 39मध्ये योसेफ 'वॉटेथ' म्हणतो.

– तो मागाहून चिकटवलेला. मूळ रूप बिनप्रत्ययाचंच.

– मागाहून आलं म्हणून अशुद्ध कसं? लोक बोलले, छापलं गेलं, झाली भाषा.

– 'नेणे'च ठेवा. जुन्या इंग्रजीत 'ने' आणि 'वाट' मिळून 'नाट' व्हायचं. आपलंही न अधिक जाणे, नेणे. इतका चपखल जोड सोडायचा?

– व्युत्पत्ती जुळली म्हणून वाचकाला कळेल असं नाही. ज्ञानेश्वरीबाहेर 'नेणे' कोण म्हणतं? आमच्या साताऱ्याकडे 'ठावं न्हाई' म्हणतात. जुनंही, जिवंतही.

– राजाच्या तोंडी 'ठावं न्हाई'?

– का नको? वाद विहिरीचा आहे. आमच्या भावकीतले विहिरीचे तंटे याच बोलीत चालले. आणि 1611मध्ये 'वॉट' काही दरबारी शब्द नव्हता.

– 'नेणता', 'जाणीव-नेणीव' आजही चालतात. 'नेणे' मेलेला नाही.

– जुन्या कवितांतलं 'आय विस' याच धातूचं ना?

– धातू मुळात तोच, पण ते 'मी जाणतो' नव्हे. मूळ 'इविस', क्रियाविशेषण, जर्मन 'गेविस'. 'इ' सुटा लिहिला गेला आणि पुढच्या कवींनी तो 'मी जाणतो' असा वाचला. खरा अर्थ 'खचित'.

– म्हणजे मराठी बायबलमधलं 'खचित खचित सांगतो' त्यावरून आलं?

– नाही हो, तिथे मूळ शब्द 'आमेन' आहे. त्याचा वेगळा धागा काढा.